कठड्यापलीकडची मोटारसायकल

मोशीच्या पुलाखालून मोटारसायकल वर काढली तेव्हा तिच्या आऱ्यांत शेवाळ गुंतले होते. ट्रकचालक कोंडीराम चार दिवसांपूर्वीच इंद्रायणीच्या खडकांत सापडला होता, डोके फुटलेला. चौकीच्या कागदावर ‘अपघात’ हा शब्द मात्र प्रेताच्याही आधी येऊन बसला होता. १९७४ सालीही आपल्याकडे मृत्यूची कारणे मृतांपेक्षा लवकर हजर होत.

फौजदार भीमराज वाकला. टाकीचे झाकण उघडले. पेट्रोल अर्ध्यावर होते. टाकीखालचा कॉक आडवा होता. फिरवायला अंगठ्याचा चांगलाच जोर लागला. त्याने तो पुन्हा होता तसा केला. मग पुलाच्या कठड्यावरून हात फिरवला. कंबरेएवढा दगडी कठडा. ओरखडासुद्धा नाही.

“साहेब, शोधताय काय?” हवालदार ज्योतीराम कंटाळून म्हणाला. “ब्रेक लागला नसणार असं ट्रकमालक पहिल्या दिवसापासून सांगतायत. आता बघा, मागच्या ब्रेकचा नट गायब आहे. ब्रेक त्या दिवशी सकाळी मीरासाहेब मिस्त्रीनंच बांधला. माणूस चार दिवस कोठडीत आहे. आणखी काय हवं?”

“झोप,” भीमराज म्हणाला. “ती तुझ्याकडं जास्तीची दिसते.”

चौकीच्या आवारात जप्त केलेला ट्रक उभा होता. दापोडीच्या मीरासाहेब मिस्त्रीने त्याचे फाळके, म्हणजे कडेच्या उभ्या फळ्या, काढून तो सपाट केला होता, आणि केबिनमागे मोटारसायकल ट्रकच्या रुंदीत आडवी उभी राहील अशी लोखंडी खोबण बसवली होती. वाटेत ट्रक बंद पडला तर चालकाने ती उतरवून मदत आणावी, ही मालक उद्धवरावांची कल्पना. रिकाम्या खोबणीवरचे दोर वाऱ्याने हलत. अंधार पडू लागला की शिपाई त्या बाजूने जाणे टाळत.

कोठडीत मीरासाहेब भिंतीकडे तोंड करून बसला होता. बाहेर त्याची बायको हसीना डबा घेऊन उभी होती. डबा रोज भरलेलाच परत जाई.

“नट आवळला होतास?”

“आवळला होता, साहेब. असं वाटतं.”

“वाटतं?”

“आता हातांचा भरवसा राहिला नाही.”

“मोटारसायकल ट्रकवर कोण चढवायचं?”

“कोंडीराम. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.”

कोंडीरामची बायको यशोदाबाई मीरासाहेबाच्याच आळीत राहत होती. त्याचे नाव निघताच तिने मान फिरवली. पण ती बोलली.

“महिन्यापूर्वी घाटात टरक मोडला. दोन हमाल वरच्या यंत्राखाली गेले. तवापासनं ह्यांना झोप न्हाई. म्हनायचे, आरशात बघितलं की मागं ते दोघं बसल्यात. रिकाम्या फळ्यांवर. पाय सोडून.”

“मग?”

“म्हनले, सोमवारी चौकशीत खरं सांगतो, मंग ते दोघं उतरत्याल.”

“खरं म्हणजे काय?”

“टरकाची चेशी, खालचा सांगाडा, वाढवून जोड मारलाय, त्यो कच्चा हाय. ह्यांनी मालकास्नी धा वेळा सांगितलं हुतं.”

कोंडीराम शनिवारी मेला होता.

उद्धवराव निगडीहून आले ते स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत.

“पुन्हा सांगायचं? शनिवारी रात्री भाड्याचं यंत्र खेडला उतरवलं. चाकण सोडल्यावर कोंडीराम म्हणाला, मला घरी लवकर पोचायचंय. मोटारसायकल उतरवून पुढं गेला. मी ट्रक घेऊन मागं.”

“मध्ये थांबला?”

“नाही.”

“नजरेआड?”

“क्षणभरसुद्धा नाही. दहा-बारा किलोमीटर त्याचा दिवा माझ्यापुढं होता. पुलावर वेग आवरला नाही, कठड्यावर आदळला आणि गेला.”

“म्हणजे साक्षीदार तुम्ही एकटेच. चला, ट्रकपाशी.”

भीमराजने ज्योतीरामला ट्रकवर चढवले. सपाट फळ्या खाली उभ्या असलेल्या भीमराजच्या छातीइतक्या उंच होत्या. पुलाचा कंबरेएवढा कठडा त्याहून हातभर खाली आला असता.

“उद्धवराव, पेट्रोलचा कॉक आडवा म्हणजे बंद. मोटारसायकल ट्रकवर चढवली की चालक तो बंद करतो, नाहीतर हादऱ्यांनी पेट्रोल गळतं. कोंडीराम कधी विसरत नसे. नदीतून निघाली तेव्हाही तो बंदच होता. बंद कॉकवर मोटारसायकल फार तर एखादा किलोमीटर धावते. तुमची दहा-बारा धावली.”

“पडताना फिरला असेल.”

“माझा अंगठा दुखावला तो फिरवताना. आणि ज्या कठड्यावर तो आदळला म्हणता, त्याला ओरखडा नाही. ती कठड्यावर आदळली नाही, त्याच्या वरून गेली. ट्रक कठड्याला लावला, दोर सोडले, आणि आडवी उभी असलेली मोटारसायकल सरळ ढकलली. फाळके नाहीत, अडवणार काय? त्याआधी कोंडीरामला. नट तुम्हीच काढलात. तुम्ही आयुष्यभर डिझेलचे ट्रक हाकलेत, त्यांना असा कॉक नसतो. ब्रेक आठवला, कॉक नाही आठवला.”

उद्धवराव रुमालाने हात पुसू लागले. हात कोरडेच होते.

“दोन हमालांसाठी,” ते हळूच म्हणाले, “माझी सगळी पेढी बुडवायला निघाला होता तो.”

ज्योतीरामने न सांगता बेडी आणली.

मीरासाहेब सुटला तो घरी गेला नाही. हसीना मागून हाका मारत राहिली. तो यशोदाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला, आत न जाता.

ती उंबऱ्यापाशी आली.

“चार दिस तुमच्या नावानं बोटं मोडली, मीराभाऊ.”

“मोडायचीच होती, वहिनी,” तो म्हणाला. “मीपण तेच करत होतो.”