थंड लागतंय का?

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे माझ्याच पाठीवर घडलंय.

एप्रिल १९९९. गुडगावचं एक नवंकोरं हॉस्पिटल. दुपारचे चार, म्हणजे भुताखेतांची वेळसुद्धा नव्हे.

मणक्याचं ऑपरेशन होऊन पाचवा दिवस. दुखू नये म्हणून पाठीत बारीक नळी बसवली होती. तिच्यातल्या औषधानं कमरेखाली सगळं बधिर. सिस्टर बर्फाचा खडा लावून "ठंडा लगता है?" विचारायच्या, बधिरपणा कुठवर आहे ते बघायला.

"पाय हलत नाहीत हो," मी रोज म्हणायचे.

"भानू, नळी आहे ना अजून! निघाली की पळशील," हे म्हणायचे. डॉक्टर विनायक म्हणजे यांचे बालमित्र. तेही मान डोलवायचे.

मी निर्धास्त. घरचीच माणसं ती!

त्या दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. लाइट गेली. एसीची घरघर थांबली...

पाठीमागे कुणीतरी होतं.

"थंड लागतंय का?"

मराठी! इथल्या सिस्टर तर सगळ्या केरळच्या.

"नाही हो. कुठल्या तुम्ही?"

 नुसतं पाणी ठिबकत होतं... टप्... टप्...

"मग ते औषध नव्हे. नळी परवाच काढली."

"खोटं!"

"तू झोपली होतीस, तेव्हा दारात बोलत होते दोघं. डॉक्टर म्हणाला, नस दुखावलीय, पाय येणार नाहीत. तुझा नवरा म्हणाला, तिला कळू देऊ नकोस. मराठीतच बोल, इथं कुणाला कळतंय!"

आम्हा दिल्लीतल्या मराठी माणसांची ही जुनी खोड. लपवायचं असलं की मराठीत बोलायचं.

मी हात मागे नेला. नळी नव्हती. नुसती चिकटपट्टी... आणि ओली चादर.

मी ओरडले. सिस्टर धावत आली. "इधर तो कोई नहीं आया, आंटी."

"यहाँ कोई मराठी है?"

तिनं दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "थीं एक... पेशंट. इसी बेड पर. उनको भी बोला था, नली निकलेगी तो चलेंगी."

"वो नहीं रहीं," एवढं म्हणून ती चादर बदलायला लागली.

संध्याकाळी यांना विचारलं. हे बुटांकडे बघत राहिले.

"तुला धीर राहावा म्हणून गं..."

अठ्ठावीस वर्षांचा संसार. आणि खरं सांगितलं ते त्या बाईनं! फार लागलं मला ते.

पाय आलेच नाहीत. कमरेखाली आजही सुई टोचली तरी कळत नाही.

पण रोज चारला, तिथंच, एक खडा टेकतो... गार.

हे चहा घेऊन येतात. मी शहारलेली दिसते त्यांना.

"थंड लागतंय का? पंखा मंद करू?"

"नाही," मी म्हणते.

यांना खरं का सांगू?