साठ मेंढ्या आणि दोन जीबी

नचिकेतच्या हिशेबाने या सुट्टीत त्याला अडीच जीबीचा फायदा होणार होता. हिंगोलीहून आखाडा बाळापूरला मावशीकडे येताना एसटीत बसल्या बसल्याच त्याने मांडणी करून ठेवली होती. मावशीने ताराला घेतलेल्या नव्या टॅब्लेटात जागा बत्तीस जीबी. त्यातली पंधरा टॅब्लेटाने स्वतःसाठीच धरलेली. सात शाळेच्या धड्यांत गेलेली. उरली दहा. वाटेकरी चार: आठवीतली तारा, तिची चौथीतली बहीण जाई, ताराची मैत्रीण राधिका आणि तो स्वतः. प्रत्येकी अडीच. दोन जीबीत क्रिकेटचा गेम बसतो आणि वर बुद्धिबळाला अर्धा उरतो. हिशेब अगदी चोख होता. फक्त बाकीच्या तिघींना विचारायचं राहिलं होतं.

आणि विचारणं भाग होतं, कारण अपर्णामावशीचा नियम तसा होता. ज्याला जे अॅप हवं त्याने उभं राहून सांगायचं की त्याचा बाकीच्यांना काय उपयोग किंवा काय मौज. तीन मतं पडली तरच ते घ्यायचं. घेतलेल्याची नोंद कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करायची आणि रोज संध्याकाळी उरलेली जागा तिथेच लिहायची.

"तुझ्या क्रिकेटचा आम्हाला उपयोग काय?" ताराने विचारलं.

"तुम्ही बघायचं. टाळ्या वाजवायला कोणीतरी लागतंच की."

तीन विरुद्ध एक. क्रिकेट बाद झालं.

ताराचा शब्दकोश आणि हवामान पास झाले. नचिकेतचं बुद्धिबळही पास झालं, पण जाईला प्यादी शिकवायच्या अटीवर. जाईने पक्ष्यांचे आवाज ओळखणारं अॅप मागितलं. ते कामाचं की मौजेचं यावर बराच वाद झाला. तेवढ्यात मागच्या कडुलिंबावरून भारद्वाज हूप हूप करू लागला, टॅब्लेटाने त्याचं नाव बिनचूक सांगितलं आणि वाद मिटला. 'आठ दिवसांत उंची वाढवा' नावाच्या अॅपचा अर्जही जाईने हळूच पुढे केला होता. तो हसण्यावारी गेला.

हे सगळं ओसरीवर बसून परमेश्वरकाका ऐकत होते. काका म्हणजे ताराच्या बाबांचे धाकटे भाऊ. ते महादेवाच्या देवळात असत. येणाऱ्याला गंध लावणं आणि शिध्याची वही लिहिणं हे त्यांचं काम. वहीत आजवर एका मुठीचीही चूक नाही हे ते न विचारता सांगत. "वेळ खाणारं काही घेऊ नका रे," ते म्हणाले. "वेळेची नोंद कुठल्या वहीत होत नाही."

शेवटी राधिकाची पाळी आली. ती उठलीच नाही. "मला नवं काई नको," ती म्हणाली. "त्यातला कॅमेरा हाय न, तेवढाच द्या."

राधिकाचे वडील नामाजी यांच्याकडे साठ मेंढ्या होत्या. ताराच्या घरची हळद निघाली की त्या रिकाम्या रानात नामाजी मेंढ्या बसवत. रात्री मेंढ्या तिथेच राहायच्या, रानाला खत मिळायचं. राधिकाला प्रत्येक मेंढीचा पाव मिनिटाचा व्हिडिओ काढायचा होता: तोंड, कान, चाल. काहून, तर मेंढ्या आठवड्यात कातरायच्या होत्या, आणि कातरण्याआधी चांदणी कशी दिसत होती हे तिला मागच्या वर्षी नंतर आठवेना.

चांदणी राधिकाची स्वतःची. चांदणीची आई गेली तेव्हा राधिकाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. नामाजी म्हणाले होते, "ही तुझी. हिचं कोकरू बी तुझंच." ते कोकरू आता दहा-बारा दिवसांवर आलं होतं.

चारही मतं पडली. दोन दिवस जाईने मेंढ्या धरल्या आणि राधिकाने व्हिडिओ काढले. अॅपना तीन जीबी गेले, साठ मेंढ्यांना दोन. ताराने कॅलेंडरवर लिहिलं: उरले पाच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा पाहिला तर उरले होते तीन.

दोन जीबी गेले कुठे? सगळ्यांनी आधी टॅब्लेटाकडे आणि मग नचिकेतकडे पाहिलं. दोन जीबीचं काहीतरी कोणाला हवं होतं हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. नचिकेतने आईची शपथ घेतली, महादेवाची घेतली, शेवटी आवडत्या बॅटचीही घेतली. पहिल्या पानावर नवं अॅप काही दिसेना, म्हणून ताराने त्याला सोडलं, पण पुरतं नाही. त्या दिवसापासून जाई त्याला प्यादी मोजून द्यायला लागली.

आठवड्याने मेंढ्या कातरून झाल्या आणि त्याच संध्याकाळी वावटळ आली. ओढ्यापलीकडच्या रानात धनसिंगमामा नावाच्या दुसऱ्या मेंढपाळाचा कळप बसला होता. वाऱ्याने दोन्ही कळपांभोवतीच्या जाळ्या उखडल्या आणि भेदरलेल्या मेंढ्या ओढ्यात एक झाल्या. उजाडल्यावर नामाजी आणि धनसिंग यांनी त्या निवडल्या आणि एकमेकांसमोर मोजल्या. नामाजींच्या साठ भरल्या, धनसिंगांच्या चौऱ्याऐंशी. दोघंही "बराबर" म्हणाले, एका डबीतली तंबाखू दोघांनी मळली आणि विषय संपला.

राधिका धावतच ताराकडे आली. तिचा श्वास पुरत नव्हता.

"साठ बराबर हायेत, पर चांदणी न्हाई त्यात. दुसरीच कोणती तरी हाय. चांदणी तिकडं गेली."

तिने वडिलांना सांगून पाहिलं होतं. बा म्हणाला, मोजून बराबर म्हटल्यावर पुन्हा बोलणं म्हणजे धनसिंगला चोर म्हणणं. ती धनसिंगमामांकडेही जाऊन आली होती. कातरल्यावर सगळ्या सारख्याच, वर मामांनी मोजून झाल्यावर सगळ्यांना ओढलेला गेरूचा सारखाच पट्टा. तिने हाक मारली तशी चांदणी आली, पण तिच्यासोबत अजून चार आल्या. धनसिंगमामा हसले. "हाक मारली की माझ्या बी चार येतात, पोरी. त्या पाची तुझ्या काय?" आणि आज ऊन उतरलं की कळप वसमतच्या वाटेला लागणार होता. कोकरू वाटेतच कुठे तरी होईल.

"व्हिडिओ दाखवू," तारा म्हणाली. "तो काढला तेव्हा चांदणी तुमच्याकडे होती. त्यात तारीखसुद्धा असते."

तिने टॅब्लेट उघडला. साठातला एकच व्हिडिओ शिल्लक होता. तो चांदणीचा नव्हता.

आता मात्र ताराने टॅब्लेटाचा कानाकोपरा धुंडाळला. सगळ्या अॅपची पूर्ण यादी काढली, आणि तळाशी, पहिल्या पानावरून हलवून ठेवलेला, क्रिकेटचा गेम निघाला. सहा डोळे नचिकेतवर रोखले गेले.

"थांबा," नचिकेत म्हणाला. त्याने गेम उघडला. "हा संघ अंतिम फेरीत आहे. त्यासाठी पंचवीस सामने खेळावे लागतात. रोज दुपारी मी कुठे असतो?"

रोज दुपारी तो त्यांच्यासोबतच विहिरीवर असे. कमरेला डबा बांधून पोहायला शिकताना तो कसा ओरडतो हे निम्म्या बाळापूरला पाठ होतं.

"पण टॅब्लेटाच्या कुलपाचा नंबर फक्त आपल्याला माहीत आहे," जाई म्हणाली.

तारा दाराकडे पाहत राहिली. त्या घराची रीत अशी की कुठलाही नंबर कागदावर राहत नाही, दारामागच्या भिंतीवर जातो. गॅसवाल्याचा, लाइटच्या मीटरचा, गुरांच्या डॉक्टरांचा. त्याखाली ताराने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात टॅब्लेटाच्या कुलपाचा आकडा लिहून ठेवला होता. कुलूप लावून किल्ली त्याच कुलपाला बांधण्याचा प्रकार. मग राधिकाने टॅब्लेट उजेडात तिरपा धरला. कडेला, जिथे उजवा अंगठा टेकतो तिथे, लालसर गंधाचा ठसा होता.

"विचारलं तर नाही म्हणतील," तारा म्हणाली. "आपण विचारायचंच नाही."

चौघं देवळात गेले. काका खांबाला टेकून शिध्याची वही लिहीत होते. मुलांनी गंध लावून घेतलं, पायरीवर बसले आणि मोठ्याने भांडू लागले. नचिकेतचं म्हणणं, त्या गेममध्ये शेवटच्या षटकात फिरकी आली की पुढे येऊन मारायचं. ताराचं म्हणणं, छे, मारायचंच नाही, नुसतं अडवायचं. काकांची लेखणी थांबली. नचिकेत म्हणाला, पुढे आलं की हमखास षटकार. काकांनी वही मिटली.

"अरे, पुढे काय पुढे! पुढे आलास की यष्टिचीत. मागे सरकून, बोट असं डावीकडे..." आणि काकांचं बोट हवेतच राहिलं.

चौघांनी काकांकडे पाहिलं. नंदीसुद्धा काकांकडेच पाहत होता.

काकांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. दुपारी देऊळ बंद असतं, झोप येत नाही, एकदा सहज म्हणून घेतला. ताराने दोन जीबींवरून गदारोळ केला तेव्हा वाटलं की काही तरी पुसून जागा भरून द्यावी, म्हणजे वही जुळेल. "एकच मेंढी साठ वेळा काढलेली दिसली. म्हटलं, एवढ्या कशाला? आणि सगळ्या नाही पुसल्या, नमुन्याला एक ठेवली."

"एकच मेंढी न्हाई, काका," राधिका म्हणाली. "साठ हायेत." तिचा आवाज इतका हळू होता की काकांनी मान खाली घातली. पुढचं ते खाली पाहूनच बोलले. "पण पोरी, शप्पथ सांगतो, एवढं पुसूनसुद्धा तो आकडा काही वाढला नाही. तीनचा तीनच."

नचिकेत एकदम उभा राहिला. "पुन्हा सांगा."

"तीनचा तीनच राहिला."

"आधी पाच होते. गेम आला, दोन गेले, उरले तीन. मग मेंढ्या पुसल्या, म्हणजे दोन परत यायला हवे होते. पाच व्हायला हवे होते. ते आले नाहीत." तो ताराकडे वळला. "जागा अजून अडलेली आहे. म्हणजे मेंढ्या आतच आहेत!"

तारा फोटोंच्या कप्प्यात एक एक दार उघडत गेली. सर्वांत शेवटी कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. पुसलेलं सगळं तीस दिवस तिथे राहतं असं खाली लिहिलं होतं. तिने बोट टेकवलं आणि एकोणसाठ मेंढ्या ओळीने समोर उभ्या राहिल्या. जाई त्या मोजत बसली. राधिकाला मोजायची गरज नव्हती. तिने तिसऱ्या ओळीतल्या एकीवर बोट ठेवलं.

ऊन उतरू लागलं होतं. दोन सायकलींवर चौघं निघाले, कॅरिअरवर जाई टॅब्लेट पोटाशी धरून. ओढ्यापलीकडे पोचले तर रान रिकामं. नुसत्या लेंड्या आणि जाळीच्या खुंट्यांची भोकं. वसमतच्या रस्त्यावर लांब धूळ दिसत होती. नचिकेतने दोन किलोमीटर अशी सायकल मारली की राधिका मागून म्हणाली, हा पोहायला इतका काहून घाबरतो.

धनसिंगमामा वैतागलेच. "पोरी, मोजून दिलं न सकाळी? चौऱ्याऐंशी बराबर."

"बराबर हाय, मामा. तुमी चोर न्हाई आन् माझा बा बी खोटा न्हाई. निस्तं बघा."

तिने चांदणीचा व्हिडिओ लावला. डाव्या कानाच्या आतल्या बाजूला तांबूस ठिपका, अगदी डाळीएवढा, आणि चालताना मागचा उजवा पाय जरासा आत वळायचा. धनसिंगमामांनी तो तीनदा पाहिला. मग कळपात शिरले, एकीचा कान उलटला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"मग माझ्या चौऱ्याऐंशी कशा भरल्या?"

"तुमची एक आमच्यात हाय. तिचा व्हिडिओ बी यात न्हाई. तिचा खालचा एक दात तुटका हाय."

"तुटका दात?" त्यांचा चेहरा पार बदलला. "ती तर माझ्या भिकाबाईची लाडकी. अन् मी तिला सोडून वसमतला निघालो होतो. घरी भाकर मिळाली नसती मला." ते खाली बसले आणि चांदणीचा गेरूपट्टा आपल्या पटक्याच्या टोकाने पुसू लागले. "वय गेलं माझं मेंढ्या मोजण्यात. मोजल्या बराबर, पाहिल्या न्हाईत."

अंधार पडायच्या आत दोन्ही मेंढ्या आपापल्या घरी होत्या. नामाजी आणि धनसिंग यांनी पुन्हा एकदा तंबाखू मळली. या वेळी न मोजता. नामाजी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून टॅब्लेटाकडे पाहत म्हणाले, "माझा बी एक काढ त्यात. हरवलो तर सापडंल."

अपर्णामावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की अॅप निवडायला मी सांगितलं होतं, पण कोणाचं काय जपायचं ते तुम्ही निवडलंत. मग तिने दारामागचा आकडा चुना लावून पुसला आणि ताराकडे असं पाहिलं की ताराने ब्रश स्वतःच्या हातात घेतला.

चौथ्या दिवशी चांदणीला कोकरू झालं, तांबूस कानाचं.

त्या संध्याकाळी कॅलेंडरच्या मागे शेवटची मांडणी झाली. राधिकाला चांदणी आणि कोकरू. भिकाबाईंना तुटक्या दाताची. ताराला नवा आकडा, आणि तो कुठेही न लिहिण्याची शिकवण. नचिकेतला जाईकडून न मोजता प्यादी आणि तिघींची माफी, तोंडी. टॅब्लेटाला दोन जीबी परत, त्यातून कोकराच्या व्हिडिओचा लहानसा तुकडा वजा.

हे सगळं भरलं कोणी? काकांनी. त्यांनी गेम स्वतःच्या हाताने पुसला, अंतिम सामना न खेळता. वर रोज दुपारी देऊळ बंद झालं की रानात जाऊन राधिकाकडे मेंढ्यांची नावं शिकण्याचा दंड. आजघडीला त्यांना साठातल्या अकरा ओळखू येतात. शिध्याच्या वहीतही मागच्या पानावर आता तेवढीच नोंद आहे: अकरा जमा, एकोणपन्नास बाकी.