रिकाम्या खुर्च्यांचा गजर

फोन वाजला तेव्हा फौजदार स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा पीत होते. रेडिओवर कोणीतरी गुडघेदुखीवर बोलत होतं. फौजदारांचं तिकडे लक्ष नव्हतं. घरात आवाज हवा म्हणून रेडिओ चालू असायचा. बायको गेल्यापासून तो बंद झालाच नव्हता.

"काका, लवकर या. गजर चोरीला गेलाय."

"काय गेलंय?"

"गर्दीचा आवाज हो! आणि मॅनेजर म्हणतोय, मीच नेला."

फोनवर भाचा होता. बायकोच्या बहिणीचा मुलगा. मैदानावर ध्वनियंत्रणा सांभाळायचा. बायकोच्या माहेरचं आता तेवढंच एक माणूस फौजदारांकडे यायचं. दर रविवारी जेवायला यायचा आणि मावशीच्या हातच्या चवीची आठवण न काढता मुकाट जेवायचा. फौजदारांना त्याचं ते फार बरं वाटायचं.

पोलिसातून निवृत्त झाल्यावर फौजदार त्याच मैदानाचे सुरक्षाप्रमुख झाले होते. चहा अर्धा टाकून ते निघाले.

मॅनेजर दारातच उभा होता.

"फौजदार, तुमचा नातेवाईक आहे म्हणून आधी तुम्हाला सांगतोय. संध्याकाळच्या सामन्याआधी वस्तू मिळाली नाही, तर त्याची नोकरी गेली. वर पोलिसात तक्रार."

"आधी झालं काय ते सांगा."

मॅनेजरने सांगितलं. परदेशातले दोन रग्बी संघ, एक लाल, एक निळा. दोघांनाही त्रयस्थ मैदान हवं होतं. या मैदानाने पुढे होऊन दौरा मागून घेतला.

"पण त्रयस्थ मैदानावर ओरडणार कोण?" मॅनेजर म्हणाला. "आपल्या लोकांना तो चेंडू बघूनच हसू येतं. अंड्यासारखा. आणि मी दोन्ही संघांना शब्द दिलाय, की तुम्हाला घरच्यासारखा पाठिंबा मिळेल."

"मग?"

"मग त्यांच्या देशातल्या गर्दीचा आवाज मागवला. एका डिस्कवर. पूर्वेच्या स्पीकरवर लाल गजर, पश्चिमेच्या स्पीकरवर निळा. पहिला सामना त्यावरच निभावला. आज सकाळी डिस्क गायब! दुसरी प्रत यायला आठवडा जाईल."

"खोलीला कुलूप होतं?"

"होतं. मोडलेलं नाही. एक किल्ली तुमच्या भाच्याकडे, दुसरी माझ्या ऑफिसात खिळ्याला."

"म्हणजे ऑफिसात येणाऱ्या कोणालाही घेता येईल."

"येईल. पण काल माझ्याशी भांडला कोण? तुमचा भाचा!"

ध्वनिकक्षात भाचा डोकं धरून बसला होता. काचेपलीकडे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा दिसत होत्या. टेबलावर दोन माइक होते.

"भांडलास कशावरून?"

"पहिल्या सामन्यात गजर मधूनच खाली जात होता. साहेबांना वाटलं, मी झोपा काढतोय. पण मी हात लावला नव्हता, काका. माइकचं बटण दाबलं की गजर आपोआप खाली जातो, बोलणाऱ्याचं ऐकू यावं म्हणून. पण तेव्हा तर कोणी बोलतही नव्हतं."

"मग काय केलंस?"

"साहेब म्हणाले, आवाज क्षणभरही पडता कामा नये. म्हणून काल दुपारी गजर खाली आणणारी वायरच काढली. आता माइक दाबला तरी गजर चालूच राहणार."

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"माइकवाल्या दोघांना. निवेदक आणि दुभाषीबाई. सांगावंच लागलं, नाहीतर आज गजरात बोलत बसले असते."

फौजदारांनी खिडकीतून खाली पाहिलं. माळी गवतावर पांढरे पट्टे मारत होता.

"तुला हा खेळ कळतो?"

"छे! गोल झाला की मी गजर वाढवतो. गोल झाला हे कसं कळतं? खेळाडू मिठ्या मारतात."

निवेदक आरशासमोर घसा साफ करत होता.

"मला विचाराल तर चोराचा सत्कार करायला हवा," तो म्हणाला. "आयुष्यभर लोक माझ्या आवाजावर खूश. आणि परवाच्या सामन्यात माझं वाक्य संपलं रे संपलं की गजर, मी कोणाला आठवतच नाही! बायको घरी म्हणते, तुम्ही होता का हो तिकडे?"

"म्हणजे डिस्क गेल्याचा तुम्हाला आनंद आहे."

"आनंद आहे. नेली मात्र नाही."

"काल ऑफिसात गेला होता?"

"गेलो होतो. तिथला चहा फुकट असतो."

"खेळ कळतो?"

"नियमांचं पुस्तक पाठ केलंय. विचारा कुठलाही!"

दुभाषीबाई गॅलरीत एकट्याच बसल्या होत्या. मांडीवर पर्स. केस पांढरे. निळ्या संघाचा देश त्यांचं माहेर. तरुणपणी सून होऊन इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा वारल्याला बरीच वर्षं झाली होती.

"काल तुम्हीही ऑफिसात होता?"

"हो. खेळाडूंच्या जेवणाचं साहेबांना समजावून सांगत होते."

"माहेरचा संघ आलाय. बरं वाटत असेल."

"माहेर कधीच सुटलं, फौजदार. आता ती मुलं मला आजी म्हणतात."

"पहिल्या सामन्यात गजर मधेच पडायचा. लक्षात आलं?"

"मला खेळातलं काय कळतंय? मी आपली भाषेपुरती."

फौजदार थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसले. समोर सगळं मैदान रिकामं होतं. मग ते उठले आणि पहिल्या सामन्याचं चित्रण बघायला गेले. गजर कुठे कुठे पडतो ते त्यांनी ऐकलं. पुन्हा मागे नेऊन ऐकलं.

दुपारी त्यांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. टीव्हीवर तोच पहिला सामना लावला, पण मुका.

"आवाज बंद का?" मॅनेजरने विचारलं.

"आवाज तुम्ही करा. चहा घ्या, गप्पा मारा. मला थोडं बघायचंय."

"तपास आहे की हळदीकुंकू?" निवेदक म्हणाला.

चहा आला. मॅनेजर फोनवर कोणावर तरी डाफरत होता. भाचा बिस्किटाचा पुडा फोडत होता.

"साखर जरा जास्तच झालीय," दुभाषीबाई म्हणत होत्या. "मला डॉक्टरांनी…"

पडद्यावर निळ्या संघाच्या खेळाडूने चेंडू जमिनीवर उभा केला. चार पावलं मागे गेला. दोन उंच खांबांकडे बघत थांबला.

"नियम असा आहे, की याला घड्याळ लावलेलं असतं," निवेदक सांगत होता. भाच्याने बिस्कीट मोडलं. मॅनेजर ओरडतच होता.

चेंडू खांबांमधून गेला.

"…बंद करायला सांगितलीय साखर," दुभाषीबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने लाल संघाच्या खेळाडूने तसाच चेंडू ठेवला. निवेदक जावयाची गोष्ट सांगत होता. दुभाषीबाईंचा कप ओठांपाशी येऊन थांबला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, तेव्हा त्यांनी घोट घेतला.

फौजदारांनी टीव्ही बंद केला.

"मिळाला चोर?" मॅनेजर म्हणाला.

"गजर कुठे पडतो ते मी ऐकलं. वाटेल तेव्हा पडत नाही. कोणी चेंडू उभा करून मारायला लागला की पडतो, आणि चेंडू पायावरून सुटला की वर येतो. लाल असो, निळा असो. म्हणजे वायर सैल नव्हती. कोणीतरी माइकचं बटण दाबून धरत होतं आणि बोलत नव्हतं."

"पण कशाला?"

"गप्प बसायला. काही गावांत मारणाऱ्याला सगळं मैदान शांतता देत असेल. आपला असो, परका असो. पुस्तकात ते नसणार. नाहीतर निवेदक आत्ता बोलत राहिले नसते. अशी सवय लहानपणी अंगात मुरते. तिला पक्ष नसतो."

निवेदकाने कप खाली ठेवला.

"आता डिस्क कालच का गेली? पहिल्या सामन्यानंतर का नाही? कारण तोवर बटण होतं. काल दुपारी वायर काढली आणि बटण निकामी झालं. ते दोघांनाच माहीत होतं. दोघंही काल या ऑफिसात आले होते. पण चेंडू ठेवल्यावर या खोलीत एकच माणूस गप्प झालं. दोन्ही वेळा. एकदा तर वाक्य अर्ध्यावर सोडून."

भाचा दुभाषीबाईंकडे बघत राहिला.

त्यांनी पर्स उघडली आणि डिस्क टेबलावर ठेवली.

"सामना झाल्यावर परत ठेवणार होते," त्या म्हणाल्या. "तुझी नोकरी जाईल हे डोक्यात आलं नाही रे. सकाळपासून तिकडे बसून तेच ठरवत होते, कसं सांगावं. धीर होत नव्हता."

"पण बाई, एवढ्यासाठी?" मॅनेजर म्हणाला.

"माझे वडील किक मारायचे. गावातलं साधं मैदान. ते चेंडू ठेवायचे आणि सगळं गाव गप्प. समोरच्या गावाचे लोकसुद्धा. मी आईच्या मांडीवर श्वास धरून बसायची. परवा तो मुलगा चेंडू ठेवून उभा राहिला, आणि रिकाम्या खुर्च्या त्याच्या अंगावर ओरडत होत्या. मला बघवेना."

"ओरडणं म्हणजे पाठिंबाच ना?"

"आमच्याकडे गप्प बसले, की सगळे आहेत असं कळायचं."

मॅनेजरने डिस्क उचलली.

"तरी चोरी ती चोरीच. तक्रार करावी लागेल."

"करा," फौजदार म्हणाले. "फक्त काय चोरीला गेलं ते लिहून द्यावं लागेल. मग दोन्ही संघांना कळेल, त्यांचा पाठिंबा कशातून येत होता."

मॅनेजरने डिस्क भाच्याच्या हातात दिली.

"लाव जा. आणि काल जे बोललो ते… राहू दे."

"वायर पण जोडतो, साहेब," भाचा म्हणाला.

मॅनेजर खिडकीबाहेर बघत राहिला. नाही म्हणाला नाही.

संध्याकाळी थोडे लोक आले. कोणी फिरायला निघालेले, कोणी पोरांना घेऊन. फौजदार त्यांच्यात बसले. स्पीकर दोन्हीकडून गरजत होते. मग निळ्या खेळाडूने चेंडू उभा केला आणि गजर खाली गेला. वर काचेमागे दुभाषीबाई माइकवर हात ठेवून बसल्या होत्या.

एक बाळ रडत होतं, कोणी खोकलं. मग तेही थांबलं. खेळाडूने मान वर करून खुर्च्यांकडे पाहिलं, जणू आत्ताच त्याला माणसं दिसली होती. फौजदारांनी श्वास धरला.

चेंडू खांबांमधून गेला. मागून कोणीतरी म्हणालं, "गेला की!" आणि पंचवीस-तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

ते घरी आले तेव्हा रेडिओ चालूच होता. त्यांनी चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेले आणि बटण बंद केलं.

घर गप्प झालं. खुंटीवर बायकोची, जुन्या ओढणीतून शिवलेली पिशवी होती. ओट्याशी तिचं बुटकं स्टूल होतं. फौजदार न हलता उभे राहिले. एका किकला लागतो तेवढा वेळ.

मग त्यांनी रेडिओ पुन्हा लावला. पण बारीक.