बरोबरीचा आग्रह

इस्फहानच्या बुद्धिबळ स्पर्धेच्या सभागृहाच्या दारात गुलनूश आणि एक उंच, कुरळ्या केसांचा तरुण एकाच वेळी पोचले.

"आधी तुम्ही..." तो म्हणाला.

"छे, आधी तुम्हीच."

"खानम, तुमच्यापुढे जायची माझी काय बिशाद?"

आत शेवटच्या फेरीची घड्याळं सुरू झाली, तेव्हा कुठे दोघं हसत एकदमच आत घुसले. पाहतात तर काय, दोघांचा पट एकच! हा बेहरंग तिचाच प्रतिस्पर्धी निघाला.

गुलनूशला फक्त अर्धा गुण हवा होता. नुसती बरोबरी झाली तरी इराणच्या संघात जागा पक्की. हरली तर वर्षाची मेहनत पाण्यात. तरी बाईसाहेबांनी मांडला तो सिसिलियन बचावच, आणि तोही सगळ्यात जहाल. वजीर थेट त्याच्या घरात घुसवून, विषारी म्हणून बदनाम असलेलं प्यादं तिनं गट्टम केलं. बेहरंगचे कान लाल झाले. त्यानं घोडा मागे घेतला, मान वर केली... काय डोळे होते मेल्याचे!

"बरोबरी करू या?" त्यानं हळूच विचारलं.

गुलनूशला हवं होतं तेच समोर आलं. पण पहिल्याच 'घ्या'ला कुणी हात पुढे करतं का? आधी नको म्हणायचं, समोरच्याला आग्रह करू द्यायचा. हे तआरोफ लहानपणापासून तिच्या अंगात मुरलेलं.

"नको हो... उगीच तुम्हाला त्रास," ती लाजून म्हणाली आणि वाट पाहत राहिली.

"बरं," तो म्हणाला. बस्स, एवढंच!

ती सुन्न झाली. वजीर मागे घ्यायचा सोडून तिनं भलतंच प्यादं सरकवलं. त्याच्या घोड्यानं कडेला उडी मारली, वजीर कोंडला आणि डाव संपला.

बाहेर पायरीवर ती रडत बसली होती, तेवढ्यात बेहरंग धावत आला.

"बरोबरी का नाकारलीत? मी घाबरून मागत होतो हो!"

"मग पुन्हा का नाही विचारलंत?"

"पुन्हा?" तो उडालाच. "तुम्ही... बुद्धिबळात तआरोफ केलंत?"

तो मटकन तिच्या शेजारी बसला. रडता रडता तिला हसू फुटलं.

"खानम... दारातच मला तुम्ही फार... म्हणजे, आईला तुमच्या घरी लग्नाची बोलणी करायला पाठवलं तर—"

"हो!"

"अहो, वाक्य तरी पुरं—" त्यानं आ वासला.

"हो म्हटलं ना! आग्रहाची वाट पाहून एक संघ घालवलाय मी. आता तुम्हाला नाही घालवणार."