ट्रिंग करणारा वटवट्या

“श्शू! ऐका ना! तोच आहे तो!” छकुली पायवाटेवरच थबकली आणि तिने दुर्बीण डोळ्यांना लावली.

मिरीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती दुर्बीण मामाची. दर सुट्टीत ती मिरीच्या गळ्यात असायची. यंदा मावशीची ही लेक पहिल्यांदाच आली काय आणि ‘पाहुणी आहे’ म्हणून मामाने दुर्बीण तिला देऊन टाकली काय! वर नाव छकुली! तेरा वर्षांची घोडी, मिरीपेक्षा वीतभर उंच, आणि म्हणे छकुली!

मामा होता तळ्याकाठच्या या अभयारण्याचा राखणदार. वसंत आला की परतीच्या वाटेवरचे इवलेसे वटवटे पक्षी इथे उतरायचे, किडे खाऊन खाऊन अंगात ताकद भरायचे आणि मग लांबच्या प्रवासाला निघायचे. उद्या त्यांची मोजणी होती. मामाच्या होडीत मामाखेरीज एकालाच जागा. “ज्याचे कान सगळ्यात तिखट, तो उद्या माझ्या होडीत!” असं त्याने सांगून ठेवलं होतं. त्या जागेसाठी मिरीने वर्षभर पक्ष्यांचे आवाज घोकले होते. आणि काल छकुलीने, आयत्या वेळी येऊन, चक्क पिवळ्या भुवईचा वटवट्या ऐकला! तो इथे कित्येक वर्षांत फिरकला नव्हता. मामाने तिची पाठ थोपटली, तेव्हा मिरीला जेवणसुद्धा गेलं नाही.

“खोटं आहे,” मिरी पुटपुटली.

“काय खोटं? ऐकू येतंय की!” छकुली म्हणाली.

“येतंय,” मिरीचा धाकटा भाऊ म्हणाला. तो सदा तिच्या मागे असायचा, म्हणून सगळे त्याला शेपूटच म्हणत.

“तू कुणाच्या बाजूने आहेस रे?”

मिरीने डोळे मिटले. ती ऐकत होती, पण चूक काढायला ऐकत होती. आणि अशा ऐकण्याला सगळं ऐकू येतं! शीळ, शीळ, शीळ... आणि मागे अगदी बारीक, ट्रिंग! पुन्हा शीळ, शीळ, शीळ... ट्रिंग!

“सायकलची घंटी!” ती ओरडली. “इथे सायकल आणायला बंदी आहे. मग घंटी कुठून आली? आणि दर वेळी बरोब्बर तिथेच कशी?”

ती थेट झुडपात घुसली. काटे लागले, बाही फाटली, पण तिला कशाची पर्वा! फांद्यांच्या बेचक्यात हिरव्या चिकटपट्टीने एक छोटासा काळा स्पीकर बांधला होता. पक्षी त्यातूनच गात होता.

मिरीला इतका आनंद झाला की तिला तो लपवताही येईना. “हा बघ तुझा वटवट्या! डबा! डबा ऐकलास तू!”

छकुलीचा चेहरा खर्रकन उतरला. “आता... सगळ्यांना सांगणार तू?”

“सांगणार म्हणजे! आधी मामाला, मग तुझ्या आईला फोन करून!”

छकुलीने मान वळवली आणि एकदम दुर्बीण उचलली. “मिरी, ते बघ! तो खरा आहे!”

एक मुठीएवढा वटवट्या डब्याभोवती घिरट्या घालत होता. फांदीवर टेकायचा, शीळ आली की पुन्हा उडायचा. त्याची चोच उघडी होती आणि छाती धपापत होती.

“त्याला वाटतंय दुसरा कुणीतरी आलाय,” छकुली म्हणाली. “आपली जागा घ्यायला. म्हणून बिचारा खायचंही सोडून भांडतोय.”

तिने दुर्बीण गळ्यातून काढून मिरीच्या हातात दिली. मिरीने पाहिलं आणि तिला मामाचं बोलणं आठवलं. ‘इथले पक्षी हल्ली नुसते भिरभिरतात, खात का नाहीत कोण जाणे,’ असं मामा चार दिवस म्हणत होता. हे होतं तर कारण! शिवाय हे आपल्याआधी छकुलीला सुचलं, याचाही तिला राग आला. आता काय म्हणावं या पोरीला!

एवढ्यात डबा गप्प झाला. वाटेवर पर्यटकांना पक्षी दाखवणारे टोपीकाका दिसले. टोपीवर बिल्लेच बिल्ले, पाठीवर पिशवी, मागे पर्यटकांची रांग. “माझ्याबरोबर या, दुर्मीळ पक्षी हमखास!” हे त्यांचं रोजचं पालुपद.

“हात बघ,” मिरी कुजबुजली. “खिशात. कालही असाच होता! फोन दाबतात, डबा गातो.”

“डबा काढून टाकू या?”

“उद्या दुसरा लावतील! त्यापेक्षा...”

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. पहिल्यांदाच!

मंडळी चहासाठी बाकांवर टेकली. टोपीकाकांनी पिशवी बाजूला ठेवली. छकुली त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. “काका, हा बिल्ला कशाचा? आणि हा? हा सोन्याचा आहे?” काका फुलले! एकेका बिल्ल्याची कहाणी सुरू झाली. तेवढ्यात शेपूट काहीतरी पोटाशी धरून बाकाखालून पिशवीकडे सरपटत गेला. मिरी मामाला बोलवायला पळाली.

मामा आला तेव्हा काका पिशवी पाठीला लावून झुडपासमोर उभे होते. “आता शांत राहा! माझी हाक त्याला कळते!” त्यांनी खिशात हात घातला.

शीळ! शीळ! शीळ! ट्रिंग!

झुडूप गप्पच होतं. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका गर्रकन मागे वळले, तर पक्षी पुन्हा त्यांच्या मागेच!

“अहो, तो तुमच्या पाठीवर गातोय!” एक आजीबाई म्हणाल्या.

काकांनी घाईघाईने खिशातल्या फोनचं बटण दाबलं, तर आवाज दुप्पट झाला! लोक हसून हसून बेजार! मामाने मात्र हसू आवरलं. त्याने पिशवीतून डबा काढला, बंद केला आणि टोपीकाकांना कचेरीत नेलं. पुन्हा इथे पर्यटक आणायचे नाहीत, असं त्यांना सांगूनच तो बाहेर आला.

“शाबास!” तो म्हणाला. “कोणी पकडलं हे?”

“मिरीने,” छकुली लगेच म्हणाली. “मी तर डब्यालाच फसले.”

मिरीला गप्प बसता आलं असतं. फार मोह झाला तिला! “मी पक्ष्यासाठी नव्हते गेले,” ती शेवटी म्हणाली. “हिला खोटं पाडायला गेले होते. पक्षी हिने पाहिला.”

मामाने दोघींकडे पाहिलं. “तुझे कान तिखट, हिचे डोळे तिखट. माझ्या बहिणींच्या लेकी शोभता! पण होडीत जागा एकच. एकीला नेलं तर दुसरी मला जन्मभर सोडणार नाही. आणि डबा पिशवीत कोणी टाकला रे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी काठापासून सुटली. त्या एकमेव जागेवर शेपूट ऐटीत बसला होता. वर निर्लज्जासारखा हातही हलवत होता! काठावर मिरी आणि छकुली उभ्या होत्या. एकच दुर्बीण, एकीचा एक डोळा, दुसरीचा एक.

“बघ कसा बसलाय!” मिरी म्हणाली.

“मलाही नाही बघवत!” छकुली म्हणाली.

आणि दोघी मिळून, अगदी मनापासून, त्याच्यावर जळू लागल्या.