बासरीसाठी लावलेली भट्टी

"ते सगळं पाणी एकट्या जीपलेच पाजणार का हो?"

मागून असा आवाज आला आणि बॉनेटखाली वाकलेल्या तरुणाचं डोकं पत्र्यावर ठाण्णकन आपटलं. डोकं चोळत तो वळला. समोर एक मुलगी उभी होती. हातात रिकामी बाटली, कपाळावर घामानं चिकटलेले केस, आणि डोळे… ते मात्र त्याच्याकडे नव्हते. त्याच्या हातातल्या बाटलीकडे होते.

बालाघाटच्या बसस्टँडजवळ पुनारामचं बॅटरीचं दुकान होतं. उन्हाळा तोंडावर आला की बस-ट्रकच्या बॅटऱ्या घटाघटा पाणी पितात, आणि ते साधं पाणी चालत नाही. वाफेतून काढलेलं, निव्वळ पाणी लागतं. तशी दुकानातली शेवटची बाटली या माणसानं घेतली होती.

"बॅटरीले सहा तोंडं हायेत, बाई," तो म्हणाला. "सहाही तहानलेली. उद्या दौऱ्यावर जायचं हाय."

"मले अर्धी बाटली पुरते."

"कोणती गाडी हाय तुमची?"

"गाडी नाही."

"मंग पाणी कायले?"

"सांगितलं तर हसाल."

"न सांगताच हसू येऊन राह्यलं."

तिनं रागानं पाहिलं, पण त्याचं हसू काही वाईट नव्हतं. हसताना त्याचे कान लाल होत होते. त्यानं उरलेलं पाणी शेवटच्या तोंडात ओतलं, बाटली उलटी करून दाखवली आणि म्हणाला, "माफी असावी. सरकारी काम."

"आता सोमवारी या, ताई," आतून पुनाराम म्हणाला. "गोंदियाचा माल आला तं."

सोमवारी! कालिंदीला रविवारच्या आत पाणी हवं होतं. रविवारी गोंदियाचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. पण तिला घोर लागला होता तो पाहुण्यांचा नाही, बाबांच्या रेकॉर्डचा.

तिचे बाबा गोपाळकृष्ण जंगल खात्यातून निवृत्त झालेले. नागपूरहून त्यांनी एक रेकॉर्ड प्लेअर आणला होता आणि त्यासोबत बासरीची एक मोठी, काळीभोर, लाँग प्ले तबकडी. आई गेल्यापासून संध्याकाळी ती बासरी लागली नाही तर बाबांना जेवण जात नसे. मागच्या आठवड्यात नातेवाइकांच्या पोरांनी तबकडीवर तेलकट बोटं उमटवली. बाबा भावाकडे कटंगीला गेले होते. कालिंदीनं चांगल्या मनानं रिठे उकळले, तबकडी चोळून काढली, विहिरीच्या पाण्यानं खळखळून धुतली आणि वाऱ्याला ठेवली. वाळली तर काय, अंगभर पांढुरकी पुटं! लावली तर चर्र… कट्… चर्र… आणि मध्येच एका सुरावर अडकून तेच तेच.

बाबा परत आले तेव्हा तिनं सांगितलं, प्लेअरची वायर सैल झालीय. आणि बाबा म्हणाले, "रविवारपर्यंत नीट करून घे गं. पाहुण्यांना माझी बासरी ऐकवायचीय."

ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं आरशाचा तुकडा उन्हात ठेवला आणि त्यावर एकेक थेंब टाकला. विहिरीचा, नळाचा, उकळून गार केलेला, फडक्यातून गाळलेला. वाळल्यावर प्रत्येकाच्या जागी पांढरं कडं उरलं. उकळलेल्याचं तर सगळ्यांत ठळक. दवाखान्यात इंजेक्शनच्या पाण्याच्या कुप्या होत्या, पण त्या इवल्याशा. कंपाउंडर म्हणाला, "ताई, एवढ्यात तं तबकडीचं नाकबी ओलं होणार नाही." राहिलं होतं बॅटरीचं पाणी. ते त्या लाल कानवाल्यानं संपवलं.

घरी येऊन तिनं कपाळाला हात लावला. भांडी घासायला येणाऱ्या शेवंताबाईनं विचारलं, "काय झालं माय?"

कालिंदीनं पाटीवर चित्र काढलं. खाली आग, वर पाण्याचं भांडं, वाफ, गार पृष्ठभाग, थेंब. शेवंताबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मग पदरात तोंड घालून हसायला लागली.

"हे तं मोहाच्या भट्टीवानी हाय! मोहाच्या जागी पाणी टाकायचं, बस."

"जमेल आपल्याला?"

"मले काहून विचारता? मी काय दारू गाळतो का?" शेवंताबाई म्हणाली, आणि जरा थांबून, "…कोरी मडकी आणा. जुन्याले वास राह्यते."

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. बाबा वाचनालयात गेले तसं परसात तीन दगडांची चूल पेटली. खाली पाण्याचं मडकं, त्यावर बूड काढलेलं दुसरं, त्याच्या आत टांगलेली वाटी आणि वर गार पाण्याचं पितळी पातेलं. सांधे ओल्या मातीनं लिंपले. वाफ वर जायची, गार पातेल्याच्या बुडाला लागून थेंब व्हायची आणि वाटीत पडायची. टप… टप… कालिंदी कान लावून ऐकत होती आणि आनंदानं नुसती नाचायची बाकी होती.

पण दिवस मोहाचे. शेवंताबाईनं येताना आपल्या गाईसाठी मोहाच्या फुलांची टोपली आणली होती, ती भिंतीशी ठेवलेली. त्या गोड वासानं सगळी गल्ली भरली. शेजारच्या रुख्माबाईनं भिंतीवरून डोकावून पाहिलं. मडक्यावर मडकं, धूर, ओली फडकी. तिनं एकदा नाक ओढलं आणि दिसेनाशी झाली.

तासाभरात दारात जीप थांबली.

"आबकारी! तलाशी होगी!" दारू पकडणाऱ्या खात्याचा शिपाई ओरडला. त्याच्यामागून साहेब आत आले आणि परसाच्या उंबऱ्याशी थांबले. साहेबांचे कान लाल झाले.

"तुम्ही?"

"तुम्ही?" कालिंदीही म्हणाली.

शिपायानं मडक्यावर काठी उगारली. साहेब, गुणाकर त्यांचं नाव, पटकन आडवे आले. "थांब रे. हात लावू नको." त्यांनी बूट काढले, अनवाणी चुलीशी आले. गल्लीतली माणसं तोवर भिंतीवर चढली होती. आणि दारातून, घामाघूम, बाबा.

"कालिंदी… हे काय चाललंय?"

आता काय करावं? गप्प राहावं तर दारू गाळणारी ठरते. खरं सांगावं तर बाबांना रेकॉर्डचं कळतं. सगळी गल्ली ऐकत होती. तिनं डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. रिठे, विहीर, पांढरी पुटं, आरसा, बॅटरीचं पाणी, सगळं.

"माझ्या बासरीला तू रिठे लावलेस?" बाबांनी एवढंच विचारलं.

कोणीतरी भिंतीवरून म्हणालं, "पाण्याची बी कधी भट्टी असते का?"

गुणाकरनं वाटी बाहेर काढली. वास घेतला. बोट बुडवून जिभेला लावलं. मग पिशवीतून दारूचा जोर मोजायची काचेची नळी काढली, वाटीतलं पेल्यात ओतलं आणि नळी सोडली. नळी तरंगली, हलली, आणि पाण्याच्या खुणेवर येऊन उभी राहिली. अगदी केसभरही इकडेतिकडे नाही.

"पाणी हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "आतापर्यंत इतकं शुद्ध पाणी मी पाह्यलं नाही. जा आता सगळे."

माणसं गेली, पण निराश होऊन गेली. बाबा आत गेले. गुणाकर मात्र तिथंच उभा होता, चुलीकडे बघत.

"वरचं पाणी तापलं," तो हळूच म्हणाला. "बदला, नाहीतर थेंब थांबते."

"तुमाले कसं माहीत?"

"भट्ट्या फोडायची नोकरी हाय, बाई. दोन वर्षं झाली फोडून राह्यलो. लावायची पहिलीच वेळ." त्यानं बाह्या वर केल्या आणि विहिरीतून गार पाणी ओढलं. ती पातेलं धरायची, तो ओतायचा. वाफेनं दोघांचे चेहरे ओले झाले.

"तुमी अर्धी बाटली दिली असती…" ती म्हणाली.

"तं मी आज इथं कसा आलो असतो?"

तिनं पातेल्यात बघितलं. पाण्यात तिला स्वतःचंच हसू दिसलं आणि ती घाईनं गंभीर झाली.

संध्याकाळी तिनं तबकडीच्या मधल्या कागदावर, तो भिजू नये म्हणून, वाटी पालथी घातली, मलमलचं फडकं भट्टीच्या पाण्यात भिजवलं आणि रेघांच्या कडेकडेनं, गोल गोल, हलक्या हातानं पुसत गेली. वाळल्यावर तबकडी अशी चमकली की त्यात कंदिलाची वात दिसावी. पांढरं कडं कुठेच नव्हतं. पण बाबांना लावून दाखवायचा धीर काही होईना.

आणि शनिवारी मध्यस्थ घनश्यामकाका आले, चपला न काढता दारातूनच बोलले. "गोपाळराव, गोंदियावाले येत नाहीत. बसमध्ये कोणीतरी सांगितलं त्यांना, मुलीच्या घरी आबकारीची धाड पडली म्हणून."

"पण ते पाणी होतं!" बाबा म्हणाले.

"ते मला माहीत. लोकांना कोण समजावणार?"

बाबा आरामखुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. कालिंदीला त्यांच्याकडे बघवेना. आणि तिला आणखी एक गोष्ट कळली, जी कोणाला सांगण्यासारखी नव्हती. पाहुणे येत नाहीत हे ऐकून तिच्या छातीतलं ओझं उतरलं होतं. बाबांचं तोंड असं उतरलेलं, आणि आपलं मन असं हलकं! तिला स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी दुपारी गुणाकर आला. धुतलेला शर्ट, पाणी लावून बसवलेले केस. बाबांच्या पाया पडला आणि उभ्यानंच बोलला.

"काका, माझ्या जीपमुळं तुमच्या घराची बदनामी झाली. मी स्वतः गोंदियाले जातो. त्या लोकाईले सांगतो की मीच तपासलं, पाणीच होतं. सरकारी माणसाचं ते ऐकतील. सोयरीक पुन्हा जुळंल."

बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. "खरंच जाल?"

"साडेतीनची बस हाय."

"मग तोवर बसा. कालिंदी, ती बासरी लाव. साहेबांना कळू दे, कशासाठी एवढा गोंधळ झाला."

तिनं तबकडीच्या कडेवर सुई ठेवली.

चर्र नाही. कट् नाही. आधी नुसती शांतता, काळी, स्वच्छ. मग त्या शांततेतून बासरी अशी उठली की बाबांनी खुर्चीची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या पापण्यांतून पाणी आलं. "धुतली खरी पोरीनं," ते स्वतःशीच पुटपुटले.

"ही बाजू संपली की निघतो," गुणाकर हळूच म्हणाला. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. कालिंदी प्लेअरजवळ उभी होती. सुई तबकडीच्या कडेवरून आत सरकत होती, एकेक रेघ.

"तुमी खरंच जाणार?" तिनं ओठातल्या ओठात विचारलं.

"हौ. माझ्यामुळं मोडलं. मले जोडलं पायजे."

"आणि जुळलं तर?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तं… चांगलंच हाय."

"कोणासाठी?"

त्याचे कान लालभडक झाले. बासरी वर चढत होती. कालिंदीनं सुईकडे पाहिलं, अर्धी बाजू संपली होती. आठवडाभर ती या तबकडीला विनवत होती की अडकू नको. आणि आज तोंडातल्या तोंडात म्हणत होती, अडक गं बाई… एकदा तरी अडक! पण शुद्ध पाण्यानं धुतलेली तबकडी ती, कुठे अडखळेल तर शपथ.

"काय म्हणलं?" गुणाकरनं विचारलं. बासरी आता जलद झाली होती, तिच्यापुढे काही ऐकू येत नव्हतं.

"काही नाही."

"काहीतरी म्हणलं तुमी."

सुई मधल्या कागदाच्या अगदी जवळ आली. त्यानं हातातला रुमाल खिशात घातला, उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकले. कालिंदीनं श्वास घेतला आणि बासरीच्या वर आवाज जावा म्हणून चांगलं मोठ्यानं बोलली —

आणि नेमकी त्याच क्षणी बासरी थांबली.

"मले ते जुळायले नको हाय!"

वाक्य शांत झालेल्या खोलीत जाऊन भिंतीला लागलं. सुई शेवटच्या रेघेत सुं… सुं… करत फिरत राहिली. कालिंदीला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"गुणाकर," ते म्हणाले.

"जी."

"तिनं सांगितलं. तुमचं काय?"

गुणाकर उभा राहिला. बसला. पुन्हा उभा राहिला. एवढा भट्ट्या फोडणारा माणूस, पण तोंडातून शब्द फुटेना. "काका… मी सकाळपासून देवाले म्हणून राह्यलो होतो, की आज गोंदियाची बस बिघडू दे. जायचं तं होतं, पण… जावंसं वाटत नव्हतं. मले बी नको हाय ते जुळायले."

सुई अजून फिरतच होती. मग बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"मग ती सुई उचला कोणीतरी. झिजेल," ते म्हणाले. "आणि दुसरी बाजू लावा. तुमच्या आई-वडिलांना भेटायला मी येतो पुढच्या आठवड्यात. आज ऐकू द्या मला."

दोघंही एकदमच प्लेअरकडे धावले. कालिंदीनं सुई उचलली. गुणाकरनं तबकडीकडे हात नेला आणि ती ओरडली, "अहो, बोटं! कडेनं धरा, कडेनं!"

"असं?"

"असं नाही… दोन्ही तळहातांनी. हां. आता उलटा."

त्यानं श्वास रोखून, जणू झोपलेलं पाखरू उचलावं तशी तबकडी उलटली. तिच्या हाताला त्याचा हात लागला. दोघांनीही काढला नाही.

"कालिंदी," खुर्चीतून आवाज आला, "किती वेळ लागतो गं एक बाजू लावायला?"