सुईवरचं नाणं

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत काही बिघाड नव्हता. बिघाड हातातल्या रुमालात होता.

"याला काच बसवून मिळेल का?"

त्यानं गाठ सोडली. आत पितळी कड्याचं एक छोटं भिंग होतं, आणि त्याला कडेपासून मधोमध गेलेला तडा.

बाहेर चार दिवस तोच पाऊस… ना धड पडणारा, ना धड थांबणारा. आमच्या चष्म्याच्या दुकानाची काच धुरकटली होती. गिऱ्हाईक नव्हतं. मी काउंटरवर बसून चष्म्यांचे तीळभर स्क्रू निवडत होते आणि सकाळपासून कुणाशी बोलावंसंही वाटत नव्हतं.

"आम्ही माणसांच्या डोळ्यांना काचा बसवतो," मी म्हटलं.

"हाही डोळाच आहे. कामाचा."

"मग उरलेले दोन कशासाठी?"

तो गडबडला. माझ्याकडे पाहिलं, लगेच भिंगाकडे पाहिलं. "ते… ते अजून ठरलेलं नाही."

आतल्या खोलीत काच घासत बसलेले दुकानाचे मालक, म्हणजे काका, मोठ्यानं हसले. "घे गं पोरी, घे ते भिंग. माणूस हजरजबाबी नसला तरी प्रामाणिक दिसतोय." त्या दिवसापासून काकांच्या तोंडी त्याचं नाव पडलं ते भिंगराव.

भिंगराव मागच्या गल्लीत, कापडदुकानाच्या तळघरात जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचा. भिंगातून तो सुयांची टोकं तपासायचा. हे त्यानं सांगितलं आणि माझ्या हातातला स्क्रू निसटून टेबलाखाली गेला.

"सुई बदलायची वेळ झाली, हे कसं कळतं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. सहज नव्हतं ते.

"गाण्यातला 'स' नीट ऐकू येतो?"

"म्हणजे?"

"स, श, च… सुई झिजली की आधी ही अक्षरं फाटतात. गाणारा थुंकतोय की काय असं वाटतं." मग जरा थांबून म्हणाला, "पण कानाला कळलं म्हणजे उशीर झालेलाच असतो. तोवर सुईनं रेकॉर्ड खरवडलेली असते. खरं तर किती तास वाजली यावरून ठरवायचं. बिघडायच्या आधी."

मी खाली वाकून स्क्रू शोधत राहिले. कितीतरी वेळ. तो समोरच होता, डोळ्यांत पाणी घेऊन वर कसं यायचं?

आमच्या घरात आईचा आवाज होता. आई नव्हती, मी नऊ वर्षांची असताना ती गेली. त्याच्या आदल्या वर्षी एका कंपनीनं तिच्याकडून एक गाणं गाऊन घेतलं होतं. नमुना म्हणून एकच तबकडी कापली, ती हातात दिली आणि सांगितलं, कळवतो. त्यांनी काही कळवलं नाही, आणि आईलाही फार थांबता आलं नाही. गाणं संपल्यावर, सुई आत सरकायच्या जरा आधी, आई काचेपलीकडे उभ्या असलेल्या बाबांना विचारते, "झालं का हो?"

एवढंच. त्या तीन शब्दांसाठी बाबा पूर्वी वर्षातून एकदा, तिच्या दिवशी, ती रेकॉर्ड लावायचे. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी लावायला लागले. छापखान्यातल्या यंत्रांपाशी पस्तीस वर्षं काढलेल्या त्यांच्या कानांनी त्यांच्याही आधी निवृत्ती घेतली होती. त्यामुळे गाण्यातला 'स' फाटलाय हे त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं. सहा महिने कळत होतं… आणि मी गप्प होते.

दुसऱ्या दिवशी बाबा दुपारचे आडवे झाल्यावर मी प्लेअरच्या दांडीचं पुढचं डोकं सुईसकट काढलं, चष्म्याच्या डबीत घातलं आणि तळघराच्या पायऱ्या उतरले.

त्यानं डबी उघडली. आतली सुई दिव्याखाली धरली.

"हे नाणं कुणी चिकटवलंय?"

"बाबांनी. एका जागी सुई उडायची, म्हणून जरा वजन."

"कधी?"

"बरीच वर्षं झाली."

काकांनी कालच नवी काच बसवून दिलेलं भिंग त्यानं माझ्यापुढे धरलं. "बघा." मी वाकले. तोही वाकला, दिवा सरकवायला. त्याच्या सदऱ्याला साबणाचा आणि किंचित तेलाचा वास होता. इतक्या जवळून कुणाचा श्वास ऐकून मला किती दिवस झाले होते…

"टोक गोल हवं. दिसतंय गोल?"

"नाही. दोन्ही बाजूंनी सपाट आहे. चमकतंय."

"छिन्नी झालीय तिची. त्यात वर नाण्याचा भार. हिच्याखाली गाणं वाजत नव्हतं. सोललं जात होतं." तो सरळ झाला. "आणि रेकॉर्डच्या शेवटाला, मधल्या भोकाजवळ, सगळ्यात जास्त नुकसान होतं. शेवटाला काय आहे?"

मी सांगितलं. तीन शब्द सांगायला मला फार वेळ लागला.

त्यानं स्टूल पुढे सरकवलं, पाण्याचा पेला ठेवला आणि पाठ फिरवून उगाच एक मोटर पुसत बसला. माझं रडून होईस्तोवर ती मोटर आरशासारखी झाली.

"बाबांना यातलं काही कळता कामा नये," मी म्हणाले. "आपल्याच हातानं… हे कळलं तर ते उभे राहणार नाहीत. त्यांनी विचारलं तर सांगा, नाण्यानं काही होत नाही."

"ते मला जमणार नाही."

"एवढंसं खोटं!"

"एवढंसंच असतं ते." तो अजून मोटरकडेच बघत होता. "एक निवृत्त शिक्षिका यायच्या. नवऱ्याच्या आवडीची एकच रेकॉर्ड होती त्यांच्याकडे. अजून चालेल का ही सुई, असं विचारलं त्यांनी. चेहरा बघून मी म्हटलं, चालेल हो, काय घाई आहे. पावसाळा संपायच्या आत रेकॉर्ड संपली. तेव्हापासून या कामात गोड बोलणं बंद केलंय."

"मग काहीच बोलू नका. गप्प तर बसता येतं ना?"

"त्यात माझा हात कुणी धरणार नाही," तो म्हणाला. आणि आम्ही दोघंही, त्या दमट तळघरात, नको असताना हसलो.

त्यानं उपाय सांगितला. एक बारीक टोकाची सुई मिळते. जुन्या जाड सुईनं रेकॉर्डवरच्या चराचा वरचा भाग खाल्ला असेल, ही त्याच्याही खाली पोचते. खाली काही शिल्लक असेल तर तेवढं येईल. पण ते एकदाच वाजवायचं. त्याच वेळी तो ते यंत्रावर उतरवून घेईल. पुढे रोज ते उतरवलेलं ऐकायचं आणि तबकडीला विश्रांती द्यायची.

सुई यायला आठ दिवस लागले. जुनी साफ करताना माझ्या हातून तुटली, असं मी बाबांना सांगितलं. बाबा रागावले नाहीत. संध्याकाळ झाली की प्लेअरच्या बंद झाकणासमोर खुर्ची घेऊन बसायचे आणि अंधार पडल्यावर उठायचे. कुठलंही रागावणं त्याच्यापेक्षा बरं.

त्या आठ दिवसांत भिंगराव सहा वेळा दुकानात आला. एकदा भिंगाचं कडं सैल वाटतंय म्हणून. एकदा घट्ट वाटतंय म्हणून. एकदा स्वतःचे डोळे तपासायला.

"शेवटची ओळ वाचा," मी म्हटलं.

"दिसत नाही."

"तिच्यावरची?"

"तीही नाही."

"मग मी कशी दिसते?"

"स्पष्ट," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

आतून काका ओरडले, "पोरी, त्याचे डोळे ठीक आहेत गं. जिभेची तपासणी कर!"

मी हसले आणि लगेच मनातून खजील झाले. घरी बाबा बंद झाकणासमोर बसलेत, आणि इथे मी एका माणसाच्या येण्याची वेळ घड्याळात बघते! त्या दिवशी तो निघाला तेव्हा मी मुद्दाम मान वर केली नाही. तो दारात थोडा थांबला… आणि गेला.

रविवारी दुपारी तो घरी आला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पाहुण्याला पाणी देऊन झाल्यावर ते नेहमीच्या खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. परीक्षेला बसल्यासारखे.

भिंगरावनं नवी सुई बसवली, दांडीचं वजन तोलून बघितलं, तारा जोडल्या, कानांवर हेडफोन चढवले. मग माझ्याकडे पाहून मान हलवली. आता एकदाच.

आई गायला लागली.

किती स्वच्छ! मला आठवत होतं त्याहून तिचा आवाज तरुण होता. जवळपास माझ्याच वयाचा. 'स' फाटत नव्हता. एका कडव्याआधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला, तो मी आजवर कधी ऐकलाच नव्हता. बाबांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. मी देवाजवळ, कुणाजवळही, एवढंच मागत होते की खाली, चराच्या तळाशी, ते तीन शब्द उरलेले असू देत.

दुसऱ्या कडव्यानंतर आवाज किंचित खरबरीत झाला. शेवटच्या ओळीत आणखी. गाणं संपलं, आणि मग…

मग नुसती खरखर. कोरड्या वाळूवरून काहीतरी ओढत नेल्यासारखी. तीन शब्दांची जागा होती तेवढाच वेळ. सुई आत सरकली.

भिंगरावनं दांडी उचलली. माझ्याकडे बघितलं नाही. मला कळलं, त्याच्या हेडफोनमध्येही काही आलेलं नाही.

बाबा मात्र खुर्चीत पुढे झाले होते. चेहरा उजळला होता… मी तो चेहरा नऊ वर्षांची असताना शेवटचा बघितला होता.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "झालं का हो, म्हणाली. किती दिवसांनी इतकं लख्ख आलं! अहो, माझे कान म्हातारे झालेत, म्हणून विचारतो. तुम्हाला आलं ना ऐकू?"

भिंगरावनं हेडफोन हळूच काढून मांडीवर ठेवले.

"आलं," तो म्हणाला.

बाबांनी मान डोलावली. मग थोड्या वेळानं, जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या दांडीवर मी नाणं ठेवलं होतं. काढलंत वाटतं. त्यानं काही… बिघडलं तर नव्हतं ना?"

"छे, नाही," तो म्हणाला. आवाज अजिबात हलला नाही. "पुष्कळ लोक ठेवतात."

त्यानं खिशातून ते नाणं काढून बाबांच्या हातावर ठेवलं. बाबांनी ते अंगठ्यानं पुसलं, मुठीत धरलं आणि "बरं झालं" म्हणून डोळे मिटून बसले. तबकडी मी पाकिटात घातली.

त्याला सोडायला मी जिन्यानं खाली उतरले. गल्लीत तीच कंटाळवाणी रिमझिम, पत्र्याच्या पन्हाळीतून पाणी एकसुरात टपकत होतं. दोघं दारातच उभे राहिलो.

"तुम्हाला खरंच काही ऐकू आलं?" मी विचारलं. उत्तर माहीत असून.

"नाही."

"ते शब्द आता कुठेच नाहीत."

"नाहीत." मग हलकेच, "तुमच्या बाबांपाशी आहेत. बहुतेक पहिल्यापासून ते रेकॉर्डवरचे ऐकतच नव्हते."

मला रडू आलं. या वेळी पुसायला त्याच्याजवळ मोटर नव्हती. त्यानं तोच रुमाल पुढे केला, भिंगाच्या गाठीची चुणी अजून तशीच असलेला.

"कामात गोड बोलत नाही म्हणाला होतात," मी रुमालाआडून म्हटलं.

"दोनदा बोललो. आता तिसऱ्यांदा खरं बोलतो, म्हणजे जरा भरपाई होईल." त्यानं एक श्वास घेतला. "ते कडं ना सैल होतं, ना घट्ट. बिघडायची वाट बघत बसलं की उशीर होतो, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. आणि स्वतः मात्र… परवा तुम्ही मान वर केली नाहीत, तेव्हा वाटलं, संपलं बहुतेक. म्हणून आज विचारतोय. मी येत जाऊ का? भिंगाशिवाय?"

वर, आमच्या खिडकीत, बाबा खुर्चीत तसेच बसले असतील, मूठ मिटून. जे गेलं ते गेलंच होतं, आणि ते माझ्या गप्प राहण्यानंही गेलं होतं. हे मला पुढे जन्मभर सोबत घेऊन चालायचं होतं.

"कसं म्हणायच्या तुमच्या आई?" त्यानं विचारलं. "शेवटचे शब्द. मला खरंच ऐकायचे होते."

मला आईचा सूर पाठ होता. किंचित दमलेला, किंचित हसरा, 'हो' जरा लांबवलेला. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि प्रथमच मोठ्यानं ते म्हटलं.

"झालं का हो?"

म्हटलं, आणि तो 'हो' कुणाला उद्देशून म्हणतात हे ध्यानात येऊन माझी मान खाली गेली.

पन्हाळीतून पाणी टपकत राहिलं. त्यानं माझ्या हातातल्या ओल्या रुमालाचं दुसरं टोक धरलं, फक्त टोक.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही."